गाईची भाकरी मोजायची का?

मी भाकरी थापतो. पुरुष असून थापतो. माझ्यासारखी पातळ, कडक, एकीला झाकावं न् दुसरीला काढावं अशी भाकरी थापणारा सोलापुरात दुसरा कुणी असेल तर त्याला माझ्या दारात घेऊन या. परात त्याच्यापुढं सरकवतो आणि बघत बसतो.

शाळा चौथीत सुटली. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या एका खानावळीत पाणी भरायला लागलो. मालक अक्कलकोटकडचे, घरात कानडी. त्यांनी एक दिवस माझ्या हातात ज्वारीच्या पिठाचा गोळा दिला, तो आजतागायत सुटलेला नाही. भाकरी परातीत फिरवताना अजून मनातल्या मनात ओंदु, एरडु, मूरु चालू असतं. मराठीत मोजलं की भाकरी कडेला चिरते. तुम्हाला पटो न पटो, मला पटलेलं आहे.

आता घरचा धंदा म्हणजे कडक भाकरीची पाकिटं. पीठ मालदांडी ज्वारीचं, चूल माझी, हात माझा. विकायचं काम पोराचं. सगळं बरं चाललं होतं. मग पुण्याचा एक व्यापारी आला आणि ओसरीवर चहा पीत म्हणाला, मोठी मागणी देतो, पण पाकिटावर वजन छापायचं.

"तुमची सरासरी अगदी बरोबर येते," तो म्हणाला. "पण एक पाकीट जड, एक हलकं. हलक्याचं गिऱ्हाईक भांडायला येतं. जडाचं गप बसतं."

पोरगा लगेच एमआयडीसीत गेला आणि भाकरीचं मशीन पारखायला म्हणून घेऊन आला. पांढरं, चकचकीत, दवाखान्यात शोभेल असं. माझ्या चुलीसमोर, तीन हातांवर ठेवलं.

"आण्णा, हिकडनं पिठाचा गोळा घालायचा, तिकडनं भाकरी भाईर."

"आन् मधी मी कुटं?"

"तुमी खुर्चीत. लई धूर खाल्ला तुमी आयुष्यभर."

खुर्चीत बसवलेली माणसं मी बघितली आहेत. आधी खुर्ची येते, मग खाट येते. मी म्हटलं, "धूर मी खाल्ला. तुला काय झालं?"

त्यानं काटा आणला. मशीनच्या थोड्या भाकऱ्या तोलल्या, माझ्या थोड्या तोलल्या, मोबाईलवर बोटं मारली आणि म्हणाला, "बघा. सरासरी दोगांची पन्नास ग्रॅमच्या आसपास. सारकीच हाय की! मग कशाला चूल?"

तेवढ्यात सूनबाई आतून आली. सूनबाई कॉलेजात आकडेशास्त्र शिकवते. लग्न ठरवताना मी विचारलं होतं, पोरीला भाकरी येते का. तिच्या बापानं सांगितलं होतं, खाता येते. तेव्हापासून आमचं जमतं.

ती नवऱ्याला म्हणाली, "सरासरी सारखी आहे हे सांगून काय उपयोग? त्या व्यापाऱ्यानं सरासरीची तक्रार केलीच नव्हती."

मी मांडीवर थाप मारली. "हां! आता बोल!"

"मामा, तुम्ही पण लगेच उडू नका," ती म्हणाली आणि माझ्यापुढं फरशीवर बसली. "असं बघा. एकानं तीन भाकऱ्या केल्या. एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न ग्रॅम. दुसऱ्यानं तीन केल्या. चाळीस, पन्नास, साठ. सरासरी?"

"दोगांची पन्नास."

"आणि पाकिटं कुणाची बिघडतील?"

"दुसऱ्याची. तो भाकऱ्या करत न्हाय, डाव खेळतोय."

ती हसली. म्हणाली, आपल्याला मधला आकडा नको, त्या मधल्या आकड्याच्या भोवती कोण किती भटकतो ते हवं. प्रत्येक भाकरी सरासरीपासून किती लांब गेली ते काढायचं. नुसती ती अंतरं मिळवली तर दहा जास्त आणि दहा कमी मिळून शून्य होतं, सगळं पाप धुऊन जातं. म्हणून अंतराला त्याच अंतरानं गुणायचं, मग उणं उरत नाही. लांब भटकलेल्याला दंडही मोठा बसतो. एक ग्रॅम चुकला तर एक, दहा ग्रॅम चुकला तर शंभर. या सगळ्यांची जी सरासरीसारखी रक्कम येते तिला त्यांच्यात व्हेरियन्स म्हणतात. मी त्याला भटकणं म्हणतो. दोघांचं भटकणं काढायचं, मोठ्याला छोट्यानं भागायचं. उत्तर एकाच्या जवळ आलं तर दोघं सारखेच भटके. एकापासून फार वर गेलं तर एक जण खरंच जास्त भटक्या. या परीक्षेला एफ टेस्ट म्हणतात.

मला हे इतकं आवडलं की मी उठून उभा राहिलो. आयुष्यभर मी ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला तिला एक माप होतं आणि ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं! सरासरी तर कुणाचीही जमते. एकसारखं थापणं हीच खरी कमाई. आणि ते आता काट्यावर दिसणार होतं.

पण पुढं ती जे बोलली त्यानं माझं डोकं फिरलं.

"सुरुवात करताना धरून चालायचं की तुमच्यात आणि मशीनमध्ये काही फरक नाही."

"का म्हणून? मी त्या डब्याच्या बरोबरीचा? हे धरून चालायचं?"

"धरायचं फक्त, मामा. मग आकड्यांनी ते मोडून दाखवायचं."

"मी न्हाय धरत."

"आण्णा, धरा की," पोरगा म्हणाला. "तिला बिचारीला परीक्षा घेऊ द्या."

मी न्हाय म्हटलं की न्हाय. चहा आला, प्यालो, तरी न्हाय. शेवटी सूनबाईनं माझी नस पकडली. तरुणपणी मी तालमीत घुमत होतो हे तिला ठाऊक आहे.

"कुस्ती लावताना काय करतात मामा? दोन्ही पैलवान हात मिळवतात. पंच त्या वेळी काय समजतो? कोण मोठा?"

"पंच काय समजत न्हाय. त्याला दोगं सारकेच."

"मग मी पंच."

पंचानं एकाला आधीच मोठा धरलं तर ती कुस्ती कसली? हात मिळवायचा तर मिळवायचा.

"पण निकाल कसा देनार?" मी विचारलं. "थोडं हिकडं तिकडं तर कुनाचंबी होतंय."

"तेच. नशिबानं थोडा फरक दिसणारच. म्हणून तक्ता असतो. किती भाकऱ्या तोलल्या त्यावरून तो सांगतो की भागाकार कुठवर गेला तर नशीब समजायचं आणि कुठून पुढं गेला तर खरा फरक. खरोखर दोघं बरोबरीचे असताना शंभरातल्या पाच वेळाच ती रेघ ओलांडली जाते."

"म्हंजे शंभरात पाच वेळा तू खोटा निकाल देनार."

"देणार. पण आधी सांगून देते आहे की नाही?"

असा पंच मी तालमीतसुद्धा बघितला नव्हता.

तिनं मग दोघांकडून कबूल करून घेतलं. मशीन कमी भटकतं असं सिद्ध झालं तर चूल बंद, मी खुर्चीत. मी कमी भटकतो असं सिद्ध झालं तर मशीन परत. आणि रेघ ओलांडलीच नाही तर चूल बंद करायला कारण मिळालं नाही असं समजायचं. पोरगा व्हय म्हणाला. मीही म्हटलं, पण ते तिसरं मी कानावर घेतलंच नाही. बरोबरीत सुटायला मी थोडाच उतरलो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पराती भरल्या. मोजून सारखं पीठ. एक माझी, एक मशीनची. मी ऊन पाणी घातलं, मळलं, आणि बसलो. काय हात चालला त्या दिवशी! भाकरी परातीत नुसती फिरत होती. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, चुलीच्या कडेला उभी केली. पलीकडं मशीन घूं घूं करत होतं. मी त्याच्याकडं बघायचो, खुन्नस द्यायचो आणि पुढचा गोळा उचलायचो. पोरगा म्हणत होता, "आण्णा, ते काय तुमच्याकडं बघत न्हाय." नसू दे. मी बघतो.

भाकऱ्या कडक झाल्यावर सूनबाईनं एकेक काट्यावर ठेवली आणि आकडा लॅपटॉपमध्ये घातला. माझ्या चळतीत पंचवीस निघाल्या, मशीनच्या सत्तावीस. तिनं भुवई वर केली, पण पुढं गेली. आकडे संपले. मला घाम आला होता, आणि तो चुलीचा नव्हता.

"मामा," ती म्हणाली, "मशीनचं भटकणं वर, तुमचं खाली. भागाकार तीनाला टेकलाय. रेघ सव्वादोनच्या आसपास आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे तुमचा हात मशीनपेक्षा एकसारखा."

मी काय केलं ते सांगू का? शड्डू ठोकला. या वयात, परातीसमोर, पिठाच्या हातानं. शेंगाचटणीचा डबा उघडला आणि गल्लीत घरोघरी वाटली. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, ज्यानं नाही विचारलं त्याला आधी सांगितलं. टेंभुर्णीला माझा तालमीतला सोबती असतो, त्याला फोन लावला.

"अरं, मशीनला चीत केलं!"

"कुटल्या तालमीचं हाय?" तो म्हणाला.

"एमआयडीसीच्या!"

"मग त्यात काय," तो म्हणाला, "ती पोरं खुराक खात न्हाईत."

पोरगा मशीन परत न्यायला टेम्पो सांगत होता. तोंड उतरलेलं, पण शब्दाला जागत होता. आणि तेवढ्यात, दिवस कलताना, गाय आली.

ही गाय आमची नाही. मागच्या गल्लीतली आहे. पण रोज त्याच वेळेला आमच्या दारात येऊन उभी राहते आणि मान आत घालते, कारण आमच्या चुलीवरची पहिली भाकरी तिची असते. खानावळीतला शिरस्ता. पहिला गोळा जरा सढळ हातानं घ्यायचा, कारण गाईला देताना हात आखडता घ्यायचा नसतो, आणि भाकरी झाली की बाजूला, कोनाड्यात. इतक्या वर्षांत हात आपोआप जातो. मी उठलो, कोनाड्यातली भाकरी काढली आणि तिच्या तोंडाशी धरली.

"मामा!" सूनबाई ओरडली. "ती कुठली?"

"गाईची."

"आजच्या परातीतली?"

"आजचीच की. शिळी देऊ काय?"

ती धावत आली, पण गाईनं तोवर निम्मी तोडली होती. सूनबाईनं उरलेला तुकडा ओढला, गाईनं मान हिसडली. माझी एमएस्सी सून आणि मागच्या गल्लीतली गाय, मधे भाकरी! पोरगा फोन कानाला लावून बघतच राहिला. शेवटी गाईचाच विजय झाला.

"मी दुपारपासून डोकं खाजवतेय," सूनबाई दम खात म्हणाली. "पीठ सारखं, सरासरी सारखी, मग मशीनच्या दोन जास्त कशा? एक ही. दुसरी कुठंय?"

मी जरा दाराबाहेर बघितलं. "ती माझ्या पोटात."

परातीत शेवटी जेवढं पीठ उरतं त्याची लहान भाकरी होते, चानकी. ती चुलीपुढं बसून ठेच्याबरोबर मी खातो. माझी न्याहारी तीच.

"म्हणजे सगळ्यात मोठी गाईला आणि सगळ्यात लहान तुम्हाला!" तिनं कपाळावर हात मारला. "आणि मशीनची पहिली जाडजूड आणि शेवटची अर्धवट, दोन्ही मी तोलल्या! दंड अंतराच्या वर्गाचा असतो मामा. एकच वेडीवाकडी भाकरी आली तरी ही परीक्षा डगमगते. मग दोन्ही टोकं एकाची मोजून दुसऱ्याची सोडली तर काय होईल?"

पोरानं टेम्पोवाल्याला सांगितलं, जरा थांब.

"ती मोजायची न्हाईतच!" मी आवाज चढवला. "गाईची भाकरी कदी पाकिटात जाती का? पुन्याच्या गिऱ्हाइकाला चानकी पाटवलीय का मी कदी? जे विकत न्हाय ते तोलायचं कशाला?"

मला वाटलं ती चिडेल. ती थबकली. बोट वर करून उभी राहिली.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली. "आपला प्रश्न पाकिटात जाणाऱ्या भाकऱ्यांचा आहे. तुम्ही केलंत ते चूक नाही. पण मग मशीनची पहिली आणि शेवटचीही सोडायला हवी. नियम एकच हवा."

"मग सोड त्या दोन आन् कर हिशोब," पोरगा म्हणाला. त्याच्या आवाजात जीव आला होता.

"नाही. निकाल बघून नियम बदलायचा नाही. चूक माझी, मी आधी विचारलं नाही. उद्या पहिल्यापासून. दोघांचीही पहिली गाईची, दोघांचीही शेवटची बाजूला. उरलेल्यातल्या पंचवीस पंचवीस."

आता इथं मी म्हणू शकलो असतो, की निकाल लागला, टेम्पो बोलवा. पोरगा शब्दाला बांधलेला होता, चटणी वाटून झाली होती. पण अर्ध्या गड्याला पाडून मिळालेला फेटा मी डोक्यावर ठेवणार नाही. मी म्हटलं, "उद्या. आन् चटनी कुनाकडनं परत मागायची न्हाय."

दुसरी सकाळ पहिलीपेक्षा भारी होती. गल्लीतली निम्मी माणसं दारात. कुणी म्हणालं, "आण्णा, नीट हो, आज गाय नाही मदतीला." मी मोजायला लागलो. ओंदु, एरडु, मूरु. पहिली मोठी भाकरी कोनाड्यात. मशीनचीही पहिली कोनाड्यात, शेजारी. पुढचा प्रत्येक गोळा तळहातावर उडवून बघितला, आणि हात असा थंड की माझा मलाच नवल. शेवटची चानकी झाली ती खाल्ली नाही. नियमाप्रमाणं बाजूला ठेवली.

सूनबाई तोलत होती. मशीनचं या खेपेला सुधारलं होतं हे मला आकडा न कळताही दिसत होतं, टोकं निघून गेल्यावर त्याच्या भाकऱ्या बऱ्याच जवळजवळ आल्या होत्या. बटण दाबलं. तिनं आकडे पुन्हा एकदा तपासले.

"तुमचं भटकणं अजूनही कमीच आहे, मामा."

"हां!"

"पण भागाकार पावणेदोनाच्या आतच राहिला. सव्वादोनची रेघ ओलांडली नाही."

"म्हंजे मी वरचढ."

"आज तसं दिसलं. पण इतका फरक नशिबानंही पडू शकतो. सिद्ध झालं असं मला म्हणता येणार नाही."

"म्हंजे आमी दोगं सारके?"

"तेही सिद्ध झालं नाही."

पोरगा वैतागला. "मग झालं काय नक्की?"

त्याला मी सांगितलं. मला कळलं होतं! तालमीत घाम गाळल्याशिवाय हे कळत नाही. मी गड्याला वर उचलला होता, फिरवला होता, पण त्याची पाठ मातीला लागली नव्हती. पंच त्याला कुस्ती बरोबरीत सुटली म्हणतो. त्याचा अर्थ दोघांत सारखी ताकद आहे असा नसतो. आज कुणी कुणाला पाडलं नाही, एवढाच असतो.

"अगदी हेच," सूनबाई म्हणाली. "माझ्या वर्गातल्या पोरांना हे वाक्य सांगू का?"

"सांग. पर गडी कोन होता तेबी सांग."

आणि मग मला ते तिसरं आठवलं, जे मी कानावर घेतलं नव्हतं. रेघ ओलांडली नाही तर चूल बंद करायला कारण नाही. ज्या बरोबरीच्या नावानं मी चहा पिऊनही न्हाय न्हाय म्हणत होतो, तीच आता माझ्या चुलीला पाठीशी घालून उभी होती. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं आणि रागही येत होता. दोन्ही एकदम.

पोरगा चुलीजवळ उकिडवा बसला. "चूल ऱ्हाऊ द्या आण्णा. पुन्याचं काम मोठं हाय, एकट्या हाताला उरकनार न्हाय. मशीनबी ठेवतो. मशीनच्या टोकाच्या काढल्या की दोन्हीचं पाकीट जवळपास येका वजनाचं निगतंय, एवढं तर समजलं."

"व्यापाऱ्याला सांग," मी म्हटलं, "जड पाकीट आलं तर ते मशीनचं."

"आन् हलकं आलं तर?"

"तेबी."

खुर्ची त्यानं आणलीच होती. तिच्यावर आता पिठाचा डबा असतो, उंचीला बरोबर येतो.

संध्याकाळी गाय आली. कोनाड्यात दोन भाकऱ्या होत्या, माझी आणि मशीनची. सूनबाई, पोरगा, सगळे दारात आले. मी मुद्दाम माझी आधी दिली, मग मशीनची. मला खात्री होती, ती दुसरीला हुंगून तोंड फिरवणार. तिनं दोन्ही खाल्ल्या. सारख्याच चवीनं, सारख्याच वेळात, आणि तिसरी आहे का म्हणून मान आत घातली. पोरगा पोट धरून हसायला लागला.

मी त्या गाईशी दोन दिवस बोललो नाही. भाकरी मात्र दिली. आणि सूनबाईला सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला पंचवीसवर भागवायचं नाही, शंभर शंभर तोलायच्या. ती म्हणते, जास्त तोलल्या की रेघ एकाच्या जवळ सरकते आणि लहानसा फरकही पकडता येतो. मला एवढंच पाहिजे. पीठ आणून ठेवलं आहे.